चर्चची पाचवी कैची

यवतमाळच्या बाजाराच्या तोंडाशी काळ्या दगडाचं एक जुनं चर्च आहे. उतरतं कौलारू छप्पर, उंच निमुळत्या खिडक्या, आणि तिन्ही बाजूंनी ऑटो, फळांच्या गाड्या, चपलांची दुकानं. त्या छपराखाली मी आयुष्यातलं पहिलं खरं काम केलं. पुढे बरीच कामं केली, काही याहून मोठीही होती, पण कोणी विचारलं की मी आधी याचंच सांगते.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. पॉलिटेक्निकचा स्थापत्यचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती आणि हाताला काम नव्हतं. कापसाचं सगळं बिनसलेली ती वर्षं. आमच्याकडे कापूस चांगला निघाला की दिवाळीनंतर गावोगावी घरांचे पाये खणले जात, गवंड्यांना आणि सुतारांना उसंत नसे. ते थांबलं होतं. जोत्यावर आलेली घरं जोत्यावरच राहिली होती. जिनिंगचे कारखाने एकेक करून बंद पडत होते. बाहेरच्या जगात आमच्या जिल्ह्याचं नाव फक्त वाईट बातमीत येई. पुण्याला लग्नकार्यात कोणी विचारलं, "कुठल्या तुम्ही?" आणि मी "यवतमाळ" म्हटलं, की समोरचा चेहरा पाडून "अरेरे" म्हणे. त्या "अरेरे"चा मला फार राग यायचा.

चर्चचे पाळकसाहेब आमच्याच गल्लीत राहत. साठीचे, सडपातळ, कायम सायकलवर. एका संध्याकाळी ते नगरपालिकेची नोटीस घेऊन वडिलांकडे आले. वडील कचेरीत हेडक्लार्क होते, त्यामुळे गल्लीतला प्रत्येक सरकारी कागद आधी आमच्या ओट्यावर वाचला जाई. इमारत धोकादायक झाली आहे, वापर बंद करावा, दुरुस्ती करावी अथवा उतरवून घ्यावी, असं त्यात होतं. नोटीस चुकीची नव्हती. त्या पावसाळ्यात छपराचा एक भाग खाली बसला होता आणि दक्षिणेच्या भिंतीला पोट सुटलं होतं.

"तीन इंजिनिअर येऊन गेले," पाळकसाहेब म्हणाले. "तिघंही म्हणतात, पाडा आणि स्लॅब टाका. माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा त्या मंदिरात झाला." त्यांच्या घरी चर्चला मंदिरच म्हणत. "पाडायच्या आधी कोणीतरी एकदा वर चढून पाहावं, एवढंच म्हणणं आहे माझं. ते तिघं खालूनच बोलून गेले."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे गेली. वडील लगेच म्हणाले, "तिला अनुभव नाही."

"म्हणूनच," पाळकसाहेब म्हणाले. "ती वर तरी चढेल."

दुसऱ्या दिवशी मी चढले. सोबत पाळकसाहेबांच्या ओळखीचे एक मुसलमान सुतार होते, सत्तरीला टेकलेले. बाजारातले सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. बैलगाड्यांपासून घरांच्या चौकटींपर्यंत सगळं त्यांनी केलेलं, आणि माझ्यासारखेच तेही त्या वर्षी रिकामे होते.

छपराचा भार सात सागवानी कैच्यांवर होता. कैची म्हणजे लाकडाचा मोठा त्रिकोण: दोन तिरपी लाकडं, खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली आडवी तुळई. चाचा हातोड्याच्या दांड्यानं प्रत्येक लाकूड ठोकत पुढे सरकत होते.

"ऐक बेटी. ठण्ण वाजलं तं जिंदा. भद्द वाजलं तं गेलं."

चार कैच्या ठण्ण वाजल्या. पाचवीच्या दक्षिणेकडच्या टोकाशी ते पोचले आणि आवाज बदलला. मी बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. लाकडाचा भुगा ओल्या चहापत्तीसारखा हातात आला. सहावी आणि सातवी पुन्हा ठण्ण.

चाचा तिथंच तुळईवर बसले. "सहा कैच्या अजून आपल्या नातवायले पुरतीन. एक टोक सडलं, तं सारं पाडतेत काय हे लोक?"

मी तीन दिवस बसून नकाशा काढला. तुळईचं टोक सडलं म्हणून वरच्या तिरप्या लाकडाला धरायला काही उरलं नव्हतं, ते भिंतीला बाहेर रेटत होतं. भिंतीचं पोट त्यामुळे. म्हणजे कैची खालून जॅकवर तोलून धरायची, सडलेलं टोक कापायचं, तिथं जुनं वाळलेलं सागवान सांधायचं. नगरपालिकेतले मोठे इंजिनिअर माझा कागद बराच वेळ पाहत राहिले. "कागदावर बरोबर आहे," ते म्हणाले. "पावसाळ्याआधी झालं तर येऊन पाहीन. नाही झालं तर उतरवायचं."

लाकडाचा शोध सुरू झाला. मी म्हटलं, झरी जामणीकडे एवढं जंगल आहे, डेपोतून सागवान आणू. चाचांनी मान हलवली. "थे ओलं राह्यते. आज बसवलं तं दोन वर्सानं पिळ खाते. याले पुराना माल पाह्यजे." शेवटी तो सापडला एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये. तिथली शेड उतरवत होते. अठरा फुटांची तुळई, चारही बाजूंनी सरळ, एक गाठ नाही. आम्हाला लागणार होती निम्म्याहून कमी, पण सांध्याची जागा नक्की होईपर्यंत चाचा तिला करवत लावू देईनात.

ती तुळई आली त्या दिवशी कापूस खरेदीची रांग चर्चच्या पुढच्या रस्त्यापर्यंत आली होती. बैलबंड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर, सगळे कापसाचे डोंगर घेऊन उभे. काहींना मोजमाप व्हायची वाट पाहत चार-चार दिवस झाले होते. पाणी प्यायला आणि सावलीला ती माणसं चर्चच्या आवारात येऊन बसत, पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी दोन रांजण भरून ठेवले होते. आमचा ट्रक त्या गर्दीत शिरूच शकेना. चालकानं तुळई कोपऱ्यावर उतरवली आणि निघून गेला. तिथून चर्च दोनशे पावलं असेल, आणि आम्ही मोजून चार माणसं.

मी काय करावं म्हणून उभी होते. रांगेतला एक उंच माणूस बंडीवरून खाली उतरला, धोतराचा सोगा खोचला, तुळईभोवती एक फेरी मारली.

"कुठं न्याची हाय?"

"चर्चात, काका."

त्यानं मागं वळून हाक घातली. "या रे पोट्टेहो, बारा जनं या इकडे!"

बाराच्या ठिकाणी वीस आले. खांद्यावर टॉवेलाच्या चुंबळी ठेवून त्यांनी ती उचलली. ऑटोवाले बाजूला झाले, फळवाल्यांनी गाड्या ओढून घेतल्या, आणि ती अठरा फुटांची तुळई बाजारातून वरात निघावी तशी निघाली. पुढं चाचा हात पसरून रस्ता मोकळा करत होते. आत वेदीसमोर ती टेकवली तेव्हा सगळे घामानं निथळत होते आणि हसत होते. मी आभार मानायला लागले तर तो उंच माणूस म्हणाला, "आभार कायचे वं बाई? चार दिस झाले नुस्तं बसून राह्यलो. आज काई तं उचललं."

पुढच्या आठवड्यात कैची उचलायची होती. चाचांचा जावई राजूरला कोळशाच्या ट्रकांची दुरुस्ती करायचा. तो चार दणकट जॅक घेऊन स्वतःच आला. आम्ही जाड बल्ल्यांचा मनोरा बांधला, त्यावर जॅक बसवले. भिंतीच्या भेगांवर मी काचेच्या अरुंद पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भेग जराही हलली तर काच तडकते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. करून कधी पाहिलं नव्हतं.

चाचा वर परांचीवर, जावई जॅकपाशी, मी भिंतीला नाक लावून. जॅक वर जाऊ लागले. वरून कुरकुर आवाज आला, धूळ पडली. मग माझ्यासमोरची एक पट्टी टच्चकन तडकली. लगेच तिच्या खालची.

"थांबा!" मी ओरडले.

"बेटी, आता थांबू नोको," चाचा वरून म्हणाले. "लाकूड निघून राह्यलं."

"लाकूड नाही निघत चाचा, भिंत सोबत येते आहे. उतरवा."

"म्या पन्नास साल हेच केलं…"

"उतरवा म्हटलं ना!"

एवढ्या वयाच्या माणसाशी मी आयुष्यात त्या आवाजात बोलले नव्हते. चाचांनी वरून माझ्याकडे पाहिलं, मग जावयाला म्हणाले, "उतार दे."

मी त्याच परांचीवर चढले. आम्ही दोघांनी मिळून तुळईच्या टोकाजवळचे दोन दगड सोडवले. आत दगडाऐवजी राखाडी सिमेंटचा गोळा होता. कधीतरी जुन्या दुरुस्तीत कोणीतरी लाकडाचं टोक सिमेंटात पक्कं गाडून टाकलं होतं. त्यातच पाणी साचून टोक सडलं, आणि आता तेच सिमेंट उरलेल्या लाकडाला भिंतीशी धरून बसलं होतं. आम्ही कैची उचलत नव्हतो, भिंत उपटत होतो.

चाचांनी त्या भोकात हात घालून सिमेंट चाचपलं. "तू नसती बोलली," ते हळूच म्हणाले, "तं म्या आज हे भीत पाडली असती."

ते सिमेंट छिन्नीनं फोडायला तीन दिवस लागले. मोठा घण मारायची सोय नव्हती. त्या तीन दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. वडील कचेरीतून येता येता आवारात आले. तोवर ते एकदाही आले नव्हते. रोज सकाळी सरकारी जागांच्या जाहिरातींचं पान माझ्या ताटाशेजारी ठेवत, तेवढंच. त्या दिवशी त्यांच्या बगलेत एक पांढरा रंगवलेला फळा होता आणि त्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: "काम चालू आहे. कृपया भिंतीस सायकली टेकवू नयेत." बाहेर सायकली टेकतात आणि भिंत दुखावते, हे मी घरी जेवताना एकदाच बोलले होते. त्यांनी स्वतः खिळा ठोकला, फळा सरळ आहे का ते मागं सरकून पाहिलं आणि घरी गेले.

दुसऱ्यांदा जॅक चढवले तेव्हा काचेच्या नव्या पट्ट्यांपैकी एकही तडकली नाही. कैची एक बोटभर उचलली गेली, शांतपणे. चाचांनी सडका भाग कापून टाकला. मग त्यांनी सांधा करायला घेतला. जुन्या तुळईत आणि नव्या टोकात तिरप्या पायऱ्या कोरल्या, एकमेकींत बसतील अशा. पाच दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. सहाव्या दिवशी दोन्ही लाकडं भिडवली, पाचर ठोकली, आणि मला म्हणाले, "पाह्य." मी पोस्टकार्डाचा कोपरा त्या सांध्यात सरकवायचा प्रयत्न केला. कुठूनच गेला नाही. वर लोखंडी पट्ट्या आवळल्या, जॅक सैल केले, आणि छपराचा सगळा भार पुन्हा पाचव्या कैचीवर आला. ती जराही कुरकुरली नाही.

मी त्या दिवशी बाजारातून घरी चालत गेले ती जमिनीवर पाय टेकत नसल्यासारखी. यवतमाळात असं काम दुसरं कोणी केलं नव्हतं. मी केलं होतं. हा गर्व खोटा नव्हता, पण त्यानं माझे कान थोडे बंद केले, आणि ते पुढच्या महिन्यात दिसलं.

भिंतींचा जुना सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करायचा होता, म्हणजे दगडांना श्वास घेता येईल. माणसं लागली. कापूसवेचणी आटोपली होती, गावात मजुरी नव्हती, तेव्हा घाटंजीकडच्या काही बाया रोज पहिल्या बसनं शहरात येत. त्यांतली एक पंचावन्नची असेल, ठेंगणी, आवाज खणखणीत. तिला सगळ्या मावशी म्हणत. पहिल्याच दिवशी तिनं आमच्या चुन्याच्या हौदात बोट बुडवलं, चिमटीत चोळलं आणि म्हणाली, "बाई, हा चुना कच्चा हाय. अजून भिजू द्या."

मी नकाशावरून मान वर न करता म्हटलं, "मावशी, तुम्ही घमेली उचला. चुन्याचं मी बघते."

ती घमेली उचलायला गेली. पाळकसाहेबांना ईस्टरची उपासना नव्या भिंतींत करायची होती, मलाही तेच हवं होतं. आम्ही दक्षिणेची आख्खी भिंत आठ दिवसांत लिंपली. दहाव्या दिवशी मी सकाळी आले तर गिलाव्याचे फोड आलेले, हात लावला की पिठासारखा गळत होता. मार्चचं ऊन पडायला लागलं होतं. दुपारपर्यंत अर्ध्या भिंतीचा गिलावा खाली पडला होता.

मी त्या ढिगाऱ्याकडे पाहत उभी राहिले. मग मावशीला शोधायला गेले. ती बायांसोबत कडुनिंबाखाली भाकर खात होती.

"मावशी, माझं चुकलं. तुम्हाला कसं कळलं चुना कच्चा आहे?"

तिनं भाकर फडक्यात बांधली. "आमच्या मायबापाची चुन्याची भट्टी होती. म्या चालू लागली तवापासून चुन्यात हाय. लग्न झालं, भट्टी सुटली, मंग वावरातलं काम." ती उठली. "तुमाले बोट कसं घालाचं थे दाखवतो, चाला. कच्चा चुना कचकच लागते. पिकला का लोण्यावानी होते."

त्या दिवसापासून चुन्याचा कारभार मावशीकडे गेला. चुना महिनाभर पाण्यात राहिला. तिनं त्यात विटांची भुकटी, बेलफळाचं पाणी आणि गूळ घालायला लावलं, आणि दगडी पाट्यांवर तिच्या बाया तो तास न् तास घोटत बसल्या. मला तिनं हात धरून शिकवलं. हवं तसं झालं नाही की ती माझ्या हातावर चापट मारायची, "असं नोको वं, लेकराचं आंग पुसल्यावानी हात फिरव." लिंपलेल्या भिंतीला उन्हाचा झटका बसू नये म्हणून जिनिंगमधून आणलेला जुना बारदाना ओला करून आम्ही भिंतींवर टांगला, आणि दिवसातून सहा वेळा त्यावर पाणी मारलं.

ईस्टर हुकला. पाळकसाहेबांना ते सांगायला मी गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मांडवात करू. भिंतीला घाई करून कसं चालेल?" आवारात कापडी मांडव पडला. त्या सकाळी ओल्या बारदान्याचा वास सगळ्या गीतांमध्ये मिसळलेला होता.

मे संपत आला तेव्हा मावशीनं शेवटचा बारदाना स्वतः खाली ओढला. भिंत फिकट, सायीच्या रंगाची, उन्हात किंचित चमकणारी. मी तळहात ठेवला. बाहेर डांबर वितळत होतं आणि भिंत गार होती.

नगरपालिकेतले मोठे इंजिनिअर कबूल केल्याप्रमाणे आले. ते थेट वर चढले, आणि मी त्यांना काच तडकल्याची हकिकत सांगितली. पाचव्या कैचीपाशी थांबून त्यांनी चष्मा पुसला, सांध्यावरून नख फिरवलं, खिशातून चाकू काढून त्याचं टोक घालून पाहिलं. खाली उतरून त्यांनी चाचांना हात जोडले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काच तडकली तेव्हा काम थांबवायचं कोणी ठरवलं?"

मी उत्तर द्यायच्या आत चाचा बोलले, "हिनं. आमची इंजिनेर हाय थे."

"आमची" हा शब्द मी नंतर कितीतरी दिवस मनात घोळवला. इमारत वापरास योग्य असल्याचं पत्र आठवड्याभरात आलं. वडिलांनी ते ओट्यावर मोठ्यानं वाचलं, आणि शेजारच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

पहिल्या उपासनेच्या रविवारी चर्च भरून गेलं. पुढच्या बाकांवर पाळकसाहेबांनी आम्हाला बसवलं होतं: चाचा पांढऱ्या टोपीत, त्यांचा जावई, माझे आईवडील, मी. मावशी मात्र आली नव्हती. मला चुटपुट लागली. उपासना संपून लोक बाहेर पडायला लागले तेव्हा ती दारातून आत आली, पाठोपाठ तिच्या गावच्या आठ-दहा बाया, सगळ्या इस्त्रीच्या लुगड्यांत. बस उशिरा लागली होती. पाळकसाहेब लगबगीनं पुढं झाले, पण मावशीला त्यांच्याकडे पाहायला वेळ नव्हता. ती बायांना भिंतीजवळ घेऊन गेली.

"लावा हात. लावा नं वं, काई होत नाई. गार हाय का नाई? हे म्या घोटलं. हे पन. थो कोपरा तिकडला, थो बी माह्याच हाताचा."

बाया हात लावत होत्या, गाल लावून पाहत होत्या. मग मावशीनं सगळ्यांना माना वर करायला लावल्या आणि पाचव्या कैचीकडे बोट दाखवलं.

"अन् थे लाकूड दिसते का? कापसाच्या रांगेतल्या मानसायनं उचलून आनलं, आपल्याकडच्या. मंग आमी वर चढवलं."

तुळई चढली तेव्हा मावशी अजून कामावर आलीच नव्हती. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मावशी पुढच्या भिंतीकडे निघाली होती, तिच्या बाया मागोमाग, आणि तिचा आवाज त्या उंच छपराखाली सगळीकडे ऐकू येत होता.